दोनशे पावलं

आमच्या श्कोदरमध्ये जुनी डिझेल गाडी चोरायला
उतार आणि एक ढकल पुरते.
किल्लीचं काय, तीस वर्षांनी ती चमच्यानंही फिरते.
आणि इंजिननं एकदा धरलं
की बॅटरी उपसून नेलीत तरी ते चालत राहतं,
हट्टी म्हाताऱ्यासारखं.
त्याला ठिणगी लागत नाही.
दाब पुरेसा झाला की पेटतं.

म्हणून लोक माझ्याकडे येतात. मी खटके लपवतो.
कुणाचा सीटच्या शिवणीत, कुणाचा आरशामागे,
डॉक्टर प्रेंगांचा तर हॉर्नमध्येच:
आधी दोनदा वाजवायचा, मग किल्ली.
एकोणीस गाड्या, कागद एकही नाही.
बायको म्हणते, अख्खं गाव तुझ्या डोक्यात गहाण पडलंय.

गॅस्परची दोनशे चाळीस, रंग जुन्या ऑलिव्ह तेलाचा.
सासऱ्यानं स्टुटगार्टहून स्वतः चालवत आणलेली,
मुलीच्या लग्नात दिलेली.
"चोर फार झालेत," गॅस्पर म्हणाला.
"एक सापडेल असा लाव, एक बापजन्मी न सापडेल असा."
मग डोळा मिचकावून, "चोर घरचाही असतो."
मी हसलो.
हे सांगताना ते हसू गाळावंसं वाटतं. राहू दे.

पहिला खटका ॲशट्रेच्या मागे, ग्लो प्लगच्या तारेवर.
तो बंद, तर थंडीत स्टार्टर नुसता खोकतो.
दुसरा पायाखालच्या रबरी चटईखाली,
डिझेलच्या नळीवर बोटभर पितळी नळ.
खरी करामत ती.
नळ बंद असला तरी गाडी सुरू होते,
फिल्टरमध्ये उरलंसुरलं पिऊन धावते.
चोराला वाटतं, जमलं.
आणि दोनशे पावलांवर, पुलाच्या वळणावर,
जिथे साऱ्या खिडक्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या,
तिथे ती मरते.
पावलं मी स्वतः मोजली होती.

फेब्रुवारी. पहाटेचे चार.
गच्चीखालून आवाज गेला, मी झोपेतही ओळखला:
चौथा सिलिंडर किंचित लंगडतो.
मग वळणावर एक धाप, दुसरी धाप,
शांतता.
पहार उचलली, चपला घातल्या की नाही आठवत नाही.

आत द्राने.
मागे दोन पोरं एका घोंगडीत,
त्यांच्या मांडीवर आडवं शिलाई मशीन.
तिचे हात अजून स्टिअरिंगवर, दहा वाजून दहा मिनिटांवर,
बापानं शिकवले तसे.
"एक मी शोधला," ती म्हणाली,
"अकरा रात्री लागल्या. तो झोपला की
बोटांनी चाचपत होते, दिवा न लावता.
अजून एक आहे?"

समोर पहिल्या मजल्यावर पडदा हलला.
पहार मी रस्त्यावर ठेवली, आवाज न करता,
तान्ह्याला ठेवावं तशी.
चटई उचलली. नळ उघडला.
बॉनेट वर करून हातपंप दाबू लागलो,
वीस वेळा, तीस वेळा,
नळीतली हवा फुसफुसत बाहेर,
डिझेल कोपरापर्यंत.
धाकटा विचारत होता, हा काका कोण?
कुणी उत्तर दिलं नाही.

ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत वीस आकडे.
इतके लांब आकडे मी आयुष्यात मोजले नाहीत.
मग ती पेटली, धुराचा एक काळा गोळा सोडून
सीमेच्या रस्त्याला लागली.
मी वळणावर उभा, हात लोंबते,
कान त्या लंगड्या सिलिंडरवर,
संपेपर्यंत.

आठ वाजता गॅस्पर दारात.
"गाडी गेली," म्हणाला. "तुझा नळ कुचकामी."
गाडी, म्हणाला. तीनदा म्हणाला.
दुसऱ्या कशाचं नाव काढलं नाही.
मी गल्ला उघडला, मजुरीचे चार हजार लेक
एकेक नोट त्याच्या तळहातावर ठेवली.
हात दोनदा साबणानं धुतले होते,
तरी नोटांना डिझेलचा वास येत होता.
त्यानं त्या नाकाजवळ नेल्या
आणि माझ्याकडे बघत राहिला.