फक्की

देवपूरच्या आमच्या शाळेत फक्कीचं एकच पोतं.
खो-खोचं मैदान त्यातूनच,
गॅदरिंगची रांगोळीही.

वैजंता अहिरे, नववी ब,
दोरी न लावताच रेषा ओढायची.
भूमितीचे सोनार सर मागून टेप घेऊन,
"चार बोटं तिरकी गेली, बाई."
"मैदानच तिरकं शे, सर."

सरांनी मोजलं.
उतार होता खरा,
पांझरेच्या अंगाला.
त्या दिवशी प्रमेय राहूनच गेलं.

एलिमेंटरीच्या सरावाला विषय आला: आवडता खेळ.
आम्ही सगळ्यांनी पतंग काढले, सोपे म्हणून.
तिनं काढल्या आठ बसलेल्या मुली,
एकआड एक पाठमोऱ्या.

पळणारी कुठाय गं?

कागदाच्या पार कडेला
तिनं बोट ठेवलं:
एक टाच, निम्मीच,
फक्कीनं पांढरी.