वायदोतास, गुरुवारी जाशील तेव्हा

पत्ता चुकणार नाही. चांभाराच्या दुकानावर,
तिसरा मजला, जिन्यात सरसाचा वास.
घंटा दोनदा दाबावी लागते,
पहिल्यांदा ती नुसती खोकते.

आत कोच वगैरे नाही. झोपवत नाहीत कुणाला.
दोन खुर्च्या, त्याही समोरासमोर नाहीत, जरा तिरक्या,
म्हणजे नजर चुकवायची तर खिडकी आहे,
आणि खिडकीत, नशीब बघ,
क्लाइपेदा बंदरातल्या आपल्याच क्रेन.

आधी एक फॉर्म. झोप किती तास. दारू किती.
खोटं लिहिलंस तरी चालेल, मीही लिहिलं होतं.
'अडीअडचणीला कुणाला कळवायचं' या रकान्यापाशी
पेन थांबेल. थांबू दे.
रकाना रिकामा ठेवता येतो.

बाईंचं नाव मिल्दा. आपल्याहून लहान,
पायात लोकरी मोजे, एकाला रफू.
तू बोललेलं खोलीबाहेर जात नाही, हे त्या आधीच सांगतील,
आणि कधी जाऊ शकतं तेही,
जिवाचं बरंवाईट करायचं मनात असेल तर.
तेव्हा मान हलवायची घाई करू नकोस. नीट ऐक.

मग विचारतील, कशासाठी आलात?
तू वाऱ्याबद्दल बोलशील.
किती वेगाला काम थांबवायचं असतं,
फोरमन कसं त्याच्याही पुढे रेटतो,
धान्याची धूळ, नवे हातमोजे, भिकार कॉफी.
पन्नास मिनिटांतली चाळीस अशी जातील.
जाऊ देत. माझे तर चार आठवडे गेले.

मध्येच सगळं गप्प होईल.
ते भरून काढायचं काम तुझं नाही.
मी रेडिएटरची नळी कुठे कुठे गंजलीय ते मोजत बसले होते.
सात ठिकाणी.

रडू येईलच असं नाही. रुमालांचा खोका असतो,
पण त्या तो तुझ्याकडे सरकवत नाहीत.

घरी येशील तो दुहेरी पाळी ओढल्यासारखा.
भूक लागेल. मी बीटाचं गार सार
पातेल्यातूनच प्याले, बटाटे सालीसकट खाल्ले
आणि बूट न काढता झोपले.
पुढच्या आठवड्यात रागानं फेरीबोटीत बसले,
पलीकडे वाळूत जाऊन समुद्राकडे पाठ केली,
आणि चुकवलेल्या वेळेचे पैसे मुकाट भरले.
नाहीच पटलं तर बाई बदलता येतात.
कुणी तोंड फुगवत नाही.

मी तिथे काय बोलते ते कुणाला सांगत नाही.
तूही सांगू नकोस, मला तर मुळीच नको.
पण एक सांगते, कारण ते तुझंही आहे.

एइमांतासच्या अंगावर दोरखंड तुटून आला त्या रात्री
तू धक्क्यावर होतास, मी वर, चाळीस मीटरवर, काचेत.
तू सगळ्यांना सांगतोस, आपण ओरडलोच नाही.
वायदोतास, तू ओरडलास.
ऐकू नाही आलं मला, वारा होता. पण दिसलं.
तुझं तोंड उघडलं, दोन्ही हात वर गेले,
आणि मग दोर.

तीन वर्षं हे गिळून होते,
कारण तू दिसलास म्हणजे मला दिसत होतं,
आणि भोंग्याचं बटण माझ्या हाताखालीच होतं.

पाचव्या खेपेला तोंडून निघालं.
'तुमचा दोष नाही' असं बाई म्हणाल्या नाहीत.
म्हणाल्या, कुठलं बोट?
मी दाखवलं.
त्यांनी ते पाहिलं, बराच वेळ,
जसं कुणी लहान मुलाचं खरचटलेलं पाहावं.

तर गुरुवार, साडेचार.
कोटाला दारामागे दोन हुक आहेत.
डावा सैल आहे, उजव्याला अडकव.