साडेआठशेचा रंग

भोसरी, जे ब्लॉक, तिसरी पाळी.
भट्टीच्या पॅनेलवर दोन आकडे:
खाली हिरवा, हवा तो – ८६०.
वर लाल, आहे तो.
माझी नोकरी म्हणजे या दोघांमधली वजाबाकी.

खरं तर वजाबाकी कंट्रोलर करतो, सेकंदाला चार वेळा,
आणि तेवढाच गॅसचा व्हॉल्व्ह पिळतो.
फरक मोठा, पीळ मोठा.
नुसतं एवढंच शिकवलं
तर पाच-सात अंश अलीकडेच बसून राहतो,
उंबऱ्याशी येऊन "नको, निघतोच" म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा.
म्हणून त्याच्या हातात उधारीची वही द्यायची:
चुकलेला अंश न् अंश मांडत जा, वसूल कर.
वही फार फुगली
की वसुलीच करत सुटतो.
८८०, मग ८४२, मग परत वर,
रात्रभर झोका.
पुढचं ओळखायलाही शिकवता येतं त्याला.
मी शिकवत नाही.
शेजारच्या प्रेसने आमच्या वायरी इतक्या थरथरतात
की त्याला दर क्षणी आभाळ कोसळल्यासारखं वाटेल.

त्या मंगळवारी सगळं शहाण्यासारखं चाललं होतं.
लाल आकडा उतरत होता – ८५१, ८४३ –
व्हॉल्व्ह उघडत होता.
मी चहा ओतत होते.
यासीन तांबोळी झरोक्याशी,
निळी काच न घेता,
एकोणतीस वर्षं उभे राहतात तसे.
"पोरी, हा साडेआठशेचा रंग नाही.
साडेआठशे डाळिंबी असतं.
ह्याचा झेंडू झालाय."

मी आकड्याकडे पाहिलं.
८३६.
मग त्यांच्याकडे.
मग गॅस तोडला.

थर्मोकपल खोबणीतून वीतभर बाहेर सरकलं होतं.
फटीतल्या वाऱ्यात बसून
तिथलीच खबर इमानाने कळवत होतं,
आणि कंट्रोलर इमानाने आग वाढवत होता.
खोटं कुणीच बोललं नव्हतं.
चौऱ्याऐंशी गिअर भंगारात.
कारण: सेन्सर.
खाली माझी सही.

आता दुसरं थर्मोकपल लावलंय, अलार्मही.
तरी पाळी सुरू झाली की आधी झरोका.
मनातला आकडा मास्किंग टेपवर लिहायचा,
मगच पॅनेलकडे बघायचं.
सोमवारी मी ९२०, पॅनेल ८६१.
काल ८२५, पॅनेल ८५९.
आज ८७५.

तांबोळी मार्चमध्ये रिटायर होतायत.
टेप वाचतात, चष्मा कपाळावर सरकवतात,
"अजून," म्हणतात,
आणि डबा धुवायला जातात.