दांडा धरून नव्वद

आमच्या प्लेटा केळीच्या काट्यावर तोललेल्या.
सावद्याचा व्यापारी घडाच्या वजनातून दांडा वजा करतो,
तडवी सर दांडाही धरतात.
दांडा धरून नव्वद.
एक प्लेट पाव किलोने जास्त भरते,
तिच्यावर खडूने फुली मारलीय.
दर सेटला आम्ही तोंड फिरवून उभ्या राहतो,
म्हणजे फुली एकाच खांद्याला पुरून उरत नाही.

पहाटेचे साडेपाच. केळी पिकवायच्या गोदामामागची शेड.
भिंतीपलीकडून गोड, जड वास.
एप्रिल आहे. लोखंड आत्ता गार लागतं,
नऊ वाजता धरवणार नाही.

मान दांड्याखाली घालते.
पोटात श्वास कोंडते.
खाली जाते, मांड्या जमिनीला समांतर,
त्याहून बोटभर खाली,
जिथे गुडघे विचारतात, आता?
आणि उत्तर टाचांना द्यावं लागतं.
एक.
दोन.
तिसऱ्याला शेड नसते, सर नसतात,
विदुलाचं "ऊठ, ऊठ" विहिरीतून आल्यासारखं.
मग दांडा घोड्यावर खण्णकन बसतो.

आणि आता थांबायचं.

मला उचलणं जमलं सहा महिन्यांत,
थांबणं अजून जमतंय.
लगेच पळालं तर पाय शिशाचे.
फार थांबलं तर पाय विसरून जातात.
मधे कुठेतरी फट असते, सर म्हणतात,
ज्याची त्याची निराळी.
विदुलाची तीन मिनिटांवर.
माझी शोधण्यात अख्खा हिवाळा गेला.
रद्द वजनपावतीच्या पाठीवर सरांचं अक्षर: साडेचार.
बसायचं नाही. पाणी घोटभर.
मी शेडच्या खांबापासून बाभळीपर्यंत येरझारा घालते,
लांब रुळांवरून मालगाडी जाते,
छप्पन्न डबे मोजून होतात,
तरी सरांचा हात वर होत नाही.

होतो.

चुन्याच्या दोन रेघा, मधे तीस मीटर
रोलर फिरवून कडक केलेली काळी माती.
पायांना अजून खबर नाही ओझं उतरल्याची.
ते नव्वद किलोंच्या तयारीने जमीन ढकलतात
आणि वर असते नुसती मी,
बावन्न किलो, वेणी धरून.
पहिली सहा पावलं माझी नसतातच.
सातव्याला मी त्यांना गाठते.

आई एकदा डबा द्यायला आली आणि बघत राहिली.
"उचललं. मंग नेलं कुठी?"
कुठे नाही. ठेवलं.
"तठीच?"
तठीच.
"मंग मजुरी कोन देतं वं?"
सर हसले नाहीत. घड्याळाची दोरी मनगटाला गुंडाळत राहिले.

आई केयी वाहते. आम्ही घरी केयीच म्हणतो.
बागेतून ट्रॉलीपर्यंत, डोक्यावर घड, पाटाच्या चिखलातून.
मी लहान असताना संध्याकाळी तिच्यासोबत परतायचे.
ती चुंबळ कमरेला खोचून चालायची
आणि मला मागे पळावं लागायचं.
मला वाटायचं, चूल पेटवायची घाई.

त्या दिवशी डबा उघडता उघडता विचारलं,
काम सुटल्यावर पाय कसे लागतात गं?
तिने जरा आठवून पाहिलं.
तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.
"नाल्यापावतर जड.
नाल्याच्या पुढं मंग उडतेच मी."

बागेपासून नाला किती मिनिटांवर,
ते मी मोजलेलं नाही.
घड्याळ माझ्याकडे आहे. मोजणार नाही.

चार पूर्णांक अडतीस.
काल एक्केचाळीस होते.
सर पावतीवर लिहितात, पेन झटकतात, पुन्हा लिहितात.
विदुला प्लेटांची कळ घट्ट करते.
मी तोंड फिरवून उभी राहते.
आता फुली उजवीकडे.