सवायकी

मचायसला एप्रिलातही बर्फ उरतो, पार्किंगच्या कडेला,
मातकट, कुणी न उचललेला.
लोर्ना टिबेट्सने तो बुटांनी आत आणला
आणि माफी मागत पुसायला वाकली.
राहू दे, मी म्हटलं. बस.

पिशवीतून निघाले तीन वर्षांचे टॅक्स रिटर्न,
शाळेच्या स्वयंपाकघराच्या पगारपावत्या, डायनरच्या वेगळ्या,
ला सेबातल्या लग्नाचा दाखला, त्याचं शिक्क्याचं भाषांतर,
आणि एक फोटो, जो ह्या फॉर्मला नको होता.
फोटोत विल्मर झुनिगा, उसन्या कोटात घामाघूम.
चार ऑगस्ट तो इथे लोखंडी फणीने
ब्लूबेरीची रानं विंचरून गेला,
दर वेळी व्हिसा संपायच्या आत परत.
एक दिवस जास्त राहिला नाही.

पेन्सिलीने मांडलं.
माणसं तीन: ती, तिची ब्रिन, आणि तो, जो अजून नाही.
तिघांच्या गरिबीची रेषा सरकार दर वर्षी आखतं.
बायकोची कमाई त्या रेषेच्या
सव्वापट हवी.

सव्वा.
वडील पाढे घ्यायचे, पावकी, निमकी, पाऊणकी,
सवायकीला आले की आवाज चढायचा:
बे सव्वा अडीच, त्रिक सव्वा पावणेचार, चोक सव्वा पाच.
देवापुढे सव्वा रुपया, प्रसादाला सव्वा शेर रवा.
वरचा पाव कुठून आणायचा
हे मी कधी विचारलं नव्हतं.

सतराशे डॉलर कमी.
टिप्स? मी विचारलं.
तिने कॉफीचा कप फिरवला.
गिऱ्हाइकांनी बशीखाली सारलेल्या नोटा
एप्रनच्या खिशातून थेट हीटरच्या तेलात गेल्या,
ब्रिनच्या दातांत गेल्या,
कागदावर कधी आल्याच नाहीत.
आता दाखवायच्या तर दंड किती, तो आकडा मी लिहिला.
तिने खोडरबर मागितलं.

पुढच्या मंगळवारी तिच्याबरोबर अर्विंग बील.
लॉब्स्टरवाला. तिचा सासरा.
म्हणजे आधीचा.
मुलगा टॅम्पाला निघून गेला त्याला सहा वर्षं झाली,
ब्रिनला शाळेतून आणायला अजून अर्विंगचीच ट्रक जाते.

त्याचा रिटर्न माझ्याच कपाटात होता.
आमिषाची हेरिंग, डिझेल, दोर, पिंजरे,
सगळं वजा जाता उरलेला माणूस
जेमतेम गरीब.
वजा तर तूच केलंस, तो म्हणाला.
खरं होतं. दर वर्षी, आणि अभिमानाने.

मग बोट निघाली. कर्ज फिटलेली,
गेलेल्या बायकोच्या नावाची: मार्जोरी बी.
कमाई अपुरी असेल तर तुटीच्या तिप्पट मालमत्ता चालते.
मार्जोरी चालली.
तिप्पट भरून वर आणखी उरली.

सहीच्या आधीचं कलम मी मोठ्याने वाचलं:
तो इथला नागरिक होईपर्यंत
किंवा चाळीस तिमाह्यांचं काम त्याच्या नावावर जमेपर्यंत
त्याच्या पोटाला तुम्ही बांधील.
घटस्फोटाने सुटका नाही.

लोर्ना खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघायला लागली.
अर्विंगने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला,
पुन्हा लावला.
म्हणजे ह्यांचं मोडलं
तरी माझं राहतं.
हो, मी म्हटलं.
आमच्या पोरानं असलं काही वाचून सही केली नव्हती, तो म्हणाला.
हीटर सुरू झाला, बंद झाला.

मग त्याने लोर्नाला विचारलं,
पोहता येतं का त्याला?
नाही.
मलाही नाही, अर्विंग म्हणाला,
आणि पेन घेतलं. त्या बोटांत ते काडीएवढं दिसलं.
पूर्ण नाव लिहिलं त्याने, मधल्या नावासकट,
अक्षर अक्षर,
जसं बोटीच्या पाठीवर रंगवतात.