एकतारी पाक

टाके निघाले त्या दिवशी वॉर्डातून बाहेर पडताना
महिपतीदादा म्हणाला, शालन, पाकातल्या पुऱ्या कर की.
डाव्या पायाची करंगळी आमच्याच ओटीत ठेवून चाललेला माणूस.
म्हटलं, साखर दोनशे साठ आहे.
तर म्हणतो, माझी ऱ्हाऊ दे, तू पाकाची बघ.

म्हणून आज रजा.
मिरजेत, किल्ला भागात, दुसऱ्या मजल्यावर
वाटीभर मैदा, अर्धी वाटी बारीक रवा,
आणि मुलाणी वहिनींनी
'टाकायचंच होतं' म्हणत दिलेलं चार दिवसांचं दही.
मोहन कडकडीत.
आई मापानं कधी घालायची नाही,
पिठाची मूठ दाबायची, उघडायची,
मुटका मोडला नाही की पुरे.
माझा मोडला. चमचाभर तूप अजून.

पीठ झाकून ठेवलं.
खालच्या गल्लीत कुणी तंबोऱ्याची खुंटी पिळत होतं,
मध्येच सोडत होतं, पुन्हा पिळत होतं.

माझी ही दोन बोटं, अंगठा नि तर्जनी,
सकाळपासून दुसऱ्यांची बोटं दाबतात.
टोचायचं, थेंब काढायचा, पट्टीला लावायचा, आकडा वहीत.
एकशे ऐंशी.
तीनशे दहा.
काय खाल्लं काल?
काय न्हाई बाई, भाचीच्या डोहाळजेवणाला गेल्तो नुसता.

दादा कारखान्यात पॅनवर होता. एकतीस हंगाम.
नवी पोरं काचेवर घेऊन, उजेडाला धरून बघायची.
हा उकळता रस बोटांत धरायचा,
डोळे मिटून ताणायचा
आणि म्हणायचा, उतरवा.
पाळीवरून आला की शर्टाला मळीचा वास,
आणि आई चुलीपाशी हाक मारायची,
बघ रं, आली का तार?
कुणाच्या बापाचं न ऐकणारी आमची आई
तेवढ्यापुरतं त्याचं ऐकायची.

पाक उकळतोय.
केशराच्या चार काड्या, अर्धं लिंबू,
वर आलेली मळी चमच्यानं काढून टाकली.
दादा स्टुलावर, पाय उशीवर.
पळी पुढं केली. बघ.

त्यानं थेंब घेतला.
फुंकर घातली नाही. हात झटकला नाही.
बोटं जुळवली, उघडली,
आणि मध्ये तार उभी राहिली
केसाएवढी,
खिडकीच्या उजेडात लख्ख.
मला दिसली.
त्याचे डोळे मिटलेले, पूर्वीसारखे.

'अजून न्हाई,' म्हणाला. 'पाणी हाय.'

बावीस वर्षं मी लोकांच्या तळपायांना टाचणी टेकवून विचारते,
कळतंय का? इथं? आणि इथं?
आज विचारलं नाही.
चिकट झाली असतील म्हणून
त्याची बोटं नळाखाली धरली.
टोकं लाल झाली होती.
किती वेळ धरलीस, म्हणाला, लहान हाय का मी?

परत आले ते ओट्याला पाठ लावून.
मागं हात नेऊन गॅसचं बटण फिरवलं,
टक् होऊ दिलं नाही.
इकडचं तिकडचं बोलले. पेन्शनचे कागद, जतची विहीर.
मग म्हटलं, दादा, आता रे?
'आता ईल. उतरव.'
उतरवला.

पुऱ्या तळल्या. पहिल्या दोन करपल्या, त्या बाजूला.
बाकीच्या पाकात दाबल्या, उलटल्या,
ताटाखाली वाटी देऊन तिरप्या निथळत लावल्या.
संध्याकाळच्या इंजेक्शनचा हिशेब
मनातल्या मनात दोनदा केला, दोन्ही वेळा वेगळा आला.

एक त्यानं खाल्ली.
दुसरी मोडली, कुर्र वाजली,
मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला.
'पाक जमलाय,' म्हणाला.
'मी सांगितलं तवाच उतरवलास म्हणून.
नायतर तू घाईची.'

माझ्या तोंडात पुरी होती.
मान हलवली.