पाण्यात पाहणे

वीस लिटरची काच. व्हिनेगरने पुसून घेतली,
साबणाने नाही, साबणाची आठवण
पाण्यात फार दिवस राहते.
औलू शहर, नोव्हेंबर, सकाळचे आठ,
खिडकीबाहेर अजून रात्रच,
आणि विमा कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर
मी कॉफीच्या कपाने काळी माती ओततेय.
मागे उंच, पुढे उतरती.
मग ते वाकडं लाकूड, जे पंधरा दिवस
घरच्या बादलीत, डोक्यावर दगड घेऊन
बुडायला शिकत होतं.

टाकी बसते बरोबर दोन टेबलांच्या सांध्यावर.
पलीकडे तार्मो. टाइप करतोय. मान वर नाही.
सात वर्षं आम्ही एकमेकांना पाण्यात पाहत आलो,
पाणी तेवढं आज आलं.

हाउकिपुदासच्या एका म्हातारीची सौना जळाली होती.
मी दावा मंजूर केला, त्याने फेटाळला.
चिमणीला भेग होती, तो म्हणाला.
भेग आगीनंतरची, मी म्हणाले.
म्हातारी पुढच्याच उन्हाळ्यात गेली.
फाइल तळघरात आहे.

भुवयांच्या चिमट्याने एकेक रोप खुपसते,
अनुबियास मात्र पुरायचं नसतं,
ते शिवणाच्या दोऱ्याने लाकडाला बांधते.
शेवाळाचा पुंजका, दगडामागे.
मातीवर बशी ठेवून बशीवर पाणी सोडते, अगदी बारीक धार,
तरी गढूळ व्हायचं ते होतंच.

हिशेब विभागाची पिर्यो रोज येऊन वाकते.
"मासे कुठायत?"
मासे नाहीत. कोळंब्या. त्याही सहा आठवड्यांनी.
"मग आत्ता आत काय आहे?"
काय सांगू तिला. डोळ्यांना न दिसणारी काही मंडळी
एका विषाचं दुसरं विष करतायत,
दुसऱ्याचं खत.
त्यांना घाई चालत नाही.

तिसऱ्या आठवड्यात क्रिप्टची पानं विरघळली,
ओल्या कागदासारखी, हात लावला की बोटाला.
दुकानदार फोनवर म्हणाला, उपटू नका.
जागा बदलली की ते रुसतं.
मूळ कुठे जात नाही.

नाताळात ऑफिस दहा दिवस बंद.
हीटर मात्र चालू, हवा कोरडी खडखडीत,
पाणी दोन बोटं तरी उतरणार
हे मी घरी बसून रोज मोजत होते.

जानेवारीत आले तर पाण्याची रेघ होती तिथेच.
माझ्या वहीत तीन नोंदी, माझ्या नव्हेत.
सत्तावीस तारीख, नायट्राइट अर्धा.
तीस तारीख, त्याहून कमी.
दोन तारीख, शून्य.
शेपटीला गाठ मारलेला तो दोनचा आकडा
मी किती नकारांखाली पाहिलाय.

"गोगलगायी आहेत," तो म्हणाला,
स्क्रीनवरून नजर न काढता.
"तीन. पानांबरोबर आल्या असणार."
"माहीत आहे," मी म्हणाले.
माहीत नव्हतं.

आता आत सहा लाल कोळंब्या आहेत,
नखाएवढ्या, दिवसभर काहीतरी खुडत बसणाऱ्या.
पिर्यो अजून मासेच विचारते.
दिवा अकराला लागतो, सातला विझतो,
बाहेरच्या दिवसाहून आमचा दिवस मोठा.
क्रिप्टच्या बुडाशी तपकिरी कोंब, घडी न मोडलेला.
आणि दोन काचांच्या पलीकडे, झाडांच्या फटीतून
तार्मोच्या शर्टाचं बटण बशीएवढं दिसतं.
त्याला इकडचं काय केवढं दिसतं, कोण जाणे.

भेग आगीनंतरचीच होती.
ते मी सोडलेलं नाही.
शुक्रवारी पाणी तो बदलतो.